कवटी क्रमांक ९२१ : एका महाकाय कृंतकाचं कुल कसं ठरलं

मोंटेव्हिडिओच्या राष्ट्रीय निसर्गेतिहास संग्रहालयात ९२१ क्रमांकाची एक कवटी आहे. तिची लांबी ५३ सेंटिमीटर, म्हणजे हातभराहून जास्त. पुढे वाकलेले, जाडजूड पटाशीचे दात, त्यांच्यामागे बरीच मोकळी जागा आणि मग दाढांची रांग. आकाराकडे न बघता नुसती ठेवण पाहिली तर प्राणिशास्त्राचा पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही सांगेल की हा कृंतक आहे, कुरतडणारा प्राणी. अडचण आकाराचीच आहे. कॅपिबारा हा आजचा सगळ्यात मोठा कृंतक, पण त्याची पूर्ण वाढलेली कवटीही हिच्यापुढे निम्म्याहून लहान भरते.

ही कवटी १९८७ साली उरुग्वेच्या सान होसे प्रांतात, रिओ दे ला प्लाता नदीच्या विशाल मुखाजवळ कियू नावाच्या किनाऱ्यावर सापडली. कड्यातून सुटलेल्या एका दगडात ती अडकलेली होती. एका हौशी संग्राहकाने ती संग्रहालयाला दिली, आणि पुढची जवळजवळ वीस वर्षं ती तिथे तशीच पडून राहिली. संग्रहालयातल्या आंद्रेस रिंडरक्नेख्त यांनी ती पुन्हा हातात घेतली, भौतिकशास्त्राची पार्श्वभूमी असलेले एर्नेस्तो ब्लांको त्यांच्या जोडीला आले, आणि २००८ च्या जानेवारीत दोघांनी लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात तिचं वर्णन प्रसिद्ध केलं. नाव दिलं जोसेफोआर्तिगासिया मोनेसी. वजनाचा अंदाज होता सुमारे एक हजार किलो.

जगभरच्या बातम्यांनी तो एक टन उचलला. मला मात्र या प्रकरणातली दुसरी बाजू जास्त महत्त्वाची वाटते, ती म्हणजे वर्गीकरणाची. वजनाचा आकडा पुढच्या चौदा वर्षांत दोनदा बदलला, तरी कवटीचं कुल जागचं हललं नाही. त्याच खंडातल्या दुसऱ्या एका महाकाय कृंतकाचा जवळजवळ अख्खा सांगाडा मिळाला होता, आणि त्याचं कुल मात्र बदललं. असं का झालं, हे पाहण्यासाठी हा अभ्यास.

एक खुलासा आधीच करतो. मराठीत ‘जाती’ आणि ‘प्रजाती’ हे शब्द उलटसुलट वापरले जातात. इथे जाती हे सगळ्यात लहान एकक धरलं आहे. जवळच्या जाती मिळून प्रजाती, प्रजाती मिळून कुल, आणि कुलं मिळून गण.

उंदीर नव्हे

बातम्यांमध्ये ‘एक टनाचा उंदीर’ असा मथळा सर्रास आला. मराठी वाचकाच्या डोळ्यासमोर लगेच घूस येते, आणि तिथेच चूक होते. घूस, घरातला उंदीर, शेतातला उंदीर हे सगळे एका फांदीवरचे. ९२१ क्रमांकाची कवटी दुसऱ्याच फांदीवरची आहे, आणि आपल्याकडच्या प्राण्यांत त्या फांदीला सगळ्यात जवळचा कोण, तर साळिंदर.

हे ठरतं डोळ्यापुढच्या एका भोकावरून. बहुतेक सस्तन प्राण्यांत डोळ्याच्या खोबणीपुढे एक बारीक छिद्र असतं. त्यातून नस आणि रक्तवाहिनी चेहऱ्याकडे जाते. साळिंदराच्या गटात ते छिद्र चांगलंच मोठं झालेलं असतं, कारण चावण्याच्या स्नायूचा एक भाग त्यातून पुढे येऊन थेट मुस्कटाच्या हाडाला चिकटतो. सह्याद्रीतल्या साळिंदराची कवटी कुणी पाहिली असेल तर हे भोक नजरेतून सुटत नाही. गिनीपिग, चिंचिला, कॅपिबारा, अगूती या दक्षिण अमेरिकी प्राण्यांतही ते तसंच असतं. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून अटलांटिक ओलांडून, बहुधा वाहत आलेल्या झाडाझुडपांच्या तराफ्यावरून, दक्षिण अमेरिकेत पोचले असं मानलं जातं. त्या वेळी तो खंड बेटासारखा एकटा होता. मोठ्या शाकाहारी प्राण्यांच्या काही जागा तिथे कृंतकांनी घेतल्या, आणि त्यांच्यातले काही असे अवाढव्य वाढले.

इथवरचं वर्गीकरण सोपं होतं, त्यावर कुणी वाद घातला नाही. दक्षिण अमेरिकेतल्या या गटात पुढे कुठलं कुल, हा खरा प्रश्न होता.

दाढा काय सांगतात

जीवाश्म कृंतकांच्या बाबतीत बहुतेक वेळा हाती लागतात ते सुटे दात आणि जबड्याचे तुकडे. दात टिकतात, बाकीची हाडं टिकत नाहीत. त्यामुळे या प्राण्यांची जवळजवळ सगळी वंशावळ दाढांवर लिहिलेली आहे.

या कवटीत वरच्या जबड्याच्या प्रत्येक बाजूला चार दाढा आहेत, एक उपदाढ आणि तीन दाढा. ही संख्या गिनीपिगपासून कॅपिबारापर्यंत सगळ्यांत तीच, म्हणून तिचा फारसा उपयोग नाही. उपयोग होतो तो दाढेच्या रचनेचा. प्रत्येक दाढ उभ्या, चपट्या पानांची बनलेली असते. पुस्तकाची पानं तिरपी दाबून धरावीत, तशी ती एकामागे एक उभी असतात. पानाची कड कठीण एनॅमलची, आतला भाग त्याहून मऊ, आणि दोन पानांमध्ये भरलेला लेप आणखी वेगळा. चावताना मऊ भाग लवकर झिजतो आणि एनॅमलच्या धारा वर राहतात. जात्याच्या पाळीला टाकी लावून खडबडीत करतात, तसं इथे दाताला आपोआप टाकी लागत राहते. चिवट वनस्पती दळायला याहून चांगलं साधन नाही.

पण इथेच सावध राहावं लागतं. चिवट पाला खाणाऱ्या अनेक प्राण्यांनी हीच युक्ती वेगवेगळ्या वाटांनी शोधली आहे. कॅपिबाराच्या दाढाही पानांच्याच, आणि हत्तीच्याही. म्हणजे पानं दिसली एवढ्यावर नातं ठरत नाही. पानं किती, त्यातली कुठली कुठल्या बाजूला एकमेकांना जोडलेली आणि कुठली सुटी, मागच्या दाढेची लांबी पुढच्यांच्या तुलनेत किती, हे सगळं पाहावं लागतं. कॅपिबाराची वरची शेवटची दाढ जवळजवळ आधीच्या तिन्ही दाढांएवढी लांब असते. ९२१ क्रमांकाच्या कवटीत तसं नाही. तिच्या दाढांची ठेवण जुळते ती पाकारानाच्या कुलाशी.

पाकाराना हा प्राणी आपल्याकडे फारसा कुणाला ठाऊक नाही. अँडीजच्या पायथ्याच्या जंगलात तो राहतो. वजन साधारण दहा ते पंधरा किलो, काळपट अंग आणि त्यावर पांढऱ्या ठिपक्यांच्या रांगा, चाल संथ. १८७३ साली बर्लिनच्या विल्हेल्म पीटर्स यांनी पेरूमधून आलेल्या एका नमुन्यावरून त्याला दिनोमिस ब्रॅनिकी हे नाव दिलं. दिनोमिसचा अर्थ ‘भयंकर उंदीर’. एवढ्या शांत प्राण्याला हे नाव का पडलं असेल याचं मला नेहमी आश्चर्य वाटतं, पण पुढे निघालेल्या जीवाश्मांनी ते नाव सार्थ ठरवलं. दिनोमिडे या कुलात आज पाकाराना एकटाच उरला आहे. बाकीचे सगळे नातेवाईक दगडात आहेत, आणि त्यातले कित्येक त्याच्या कितीतरी पट मोठे.

रिंडरक्नेख्त आणि ब्लांको यांनी कवटी या कुलात ठेवली, तीही युमेगामिने नावाच्या उपकुलात, जिथे या घराण्यातले सगळ्यात थोर आकाराचे सदस्य बसतात. आधी या राक्षसी दिनोमिडे मंडळींची ओळख बहुतांशी सुट्या दातांवरून आणि अर्धवट जबड्यांवरूनच होती. इथे दाढा, टाळू, मुस्कट, कानाचा भाग, कवटीची मागची बाजू हे सगळं एकाच प्राण्याचं, एकत्र मिळालं. माझ्या मते या शोधाची खरी किंमत इथे आहे. दाताच्या पुराव्याला हाडाच्या पुराव्याने दुजोरा मिळाला, आणि म्हणूनच कुलाचा निर्णय नंतर टिकला.

नावाची भानगड, एका कृमीमुळे

प्रजाती ठरवताना नवं काही करायची गरज पडली नाही, कारण उरुग्वेतूनच तशा घडणीचा एक महाकाय कृंतक आधी नोंदवलेला होता. १९६६ मध्ये फ्रान्सिस आणि आल्वारो मोनेस यांनी त्याला आर्तिगासिया माग्ना असं नाव दिलं होतं. होसे हेर्वासिओ आर्तिगास हा उरुग्वेचा राष्ट्रपुरुष, हे त्याच्या सन्मानार्थ.

पण प्राण्यांच्या नावांचा आंतरराष्ट्रीय नियम फार कडक आहे. अख्ख्या प्राणिसृष्टीत एका प्रजातीचं नाव दुसऱ्या प्रजातीला देता येत नाही. एक कृमी असो आणि दुसरा हत्ती, तरी चालत नाही. ज्याने आधी छापलं, नाव त्याचं. आणि ‘आर्तिगासिया’ हे नाव १९३४ मध्येच एका गोलकृमीच्या प्रजातीला देऊन झालेलं होतं. ही गोष्ट लक्षात आणून देऊन २००७ मध्ये मोनेस यांनी स्वतःच दुरुस्ती केली. राष्ट्रपुरुषाचं पहिलं नावही जोडलं आणि प्रजाती झाली जोसेफोआर्तिगासिया. आपलंच एक्केचाळीस वर्षांपूर्वीचं नाव आपल्याच हाताने मागे घेणं हे शास्त्रज्ञाला शोभणारं काम आहे, आणि पुढच्याच वर्षी नव्या जातीला त्यांचं नाव मिळालं, मोनेसी, यात मला औचित्य दिसतं.

जातीच्या पातळीवर मोनेसी ही माग्नापेक्षा वेगळी ठरवली ती दाढांमधल्या फरकांवरून आणि आकारावरून. इथे मात्र पाय जरा जपून टाकावा असं मला वाटतं. एक कवटी म्हणजे एक प्राणी. नर की मादी, तरुण की म्हातारा, याचा दाताच्या आकारावर किती परिणाम होत होता हे एका नमुन्यावरून कळत नाही. पानांची दाढ आयुष्यभर झिजत जाते, आणि झिजताना तिच्या चघळण्याच्या पृष्ठावरचा नकाशाही बदलतो. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आणि विसाव्याच्या सुरुवातीला अर्जेंटिनात फ्लोरेंतिनो आमेगिनो आणि नंतर लुकास क्राग्लिएव्हिच यांनी सुट्या दातांवरून अशा कृंतकांच्या कितीतरी जाती नोंदवल्या. त्यातल्या बऱ्याच एकाच प्राण्याची वेगवेगळी वयं निघाली.

उरुग्वेतच याचं एक चांगलं उदाहरण पुढे आलं. इसोस्टायलोमिस या आणखी जुन्या, सुमारे एक कोटी वर्षांपूर्वीच्या दिनोमिडे प्रजातीचे एक पूर्ण वाढलेला आणि एक पिल्लू असे दोन नमुने रिंडरक्नेख्त आणि सहकाऱ्यांनी अभ्यासले. पिल्लाच्या दाढांची घडण मोठ्याच्या दाढांसारखीच होती, फरक मुख्यतः मापांचा. दोघांचे दात वेगवेगळ्या कपाटांत वेगवेगळ्या शतकांत पोचले असते तर त्यांच्या दोन जाती सहज झाल्या असत्या. म्हणून मोनेसीबद्दल मी असं म्हणेन की कुल पक्कं, प्रजाती पक्की, आणि जात ही आजच्या पुराव्यावर योग्य पण आणखी कवट्यांची वाट पाहणारी.

वजनाचा प्रवास

आता तो एक टन. हा भाग वर्गीकरणाचा नाही, पण दोन्ही गोष्टींची सतत गल्लत होते, म्हणून तो उलगडायला हवा.

नामशेष प्राण्याचं वजन काढायची पद्धत अशी. आज जिवंत असलेल्या नातेवाइकांची हाडं मोजायची, त्यांची वजनं मांडायची, दोन्हींतलं प्रमाण काढायचं आणि मग जीवाश्माचं माप त्या सूत्रात घालायचं. कवटीच्या वेगवेगळ्या मापांवरून रिंडरक्नेख्त आणि ब्लांको यांना ४६८ किलोपासून २,५८६ किलोपर्यंतची उत्तरं मिळाली, आणि मध्यक आला १,००८ किलो. बातमीत फक्त मध्यक पोचला, तो पसारा पोचला नाही.

त्याच वर्षी व्हर्जिनी मिलियेन यांनी आक्षेप घेतला. ज्या जिवंत कृंतकांवरून सूत्र काढलं त्यातला सगळ्यात मोठा कॅपिबारा, साधारण पन्नास-साठ किलोचा. तिथून हजार किलोपर्यंत रेष ओढत नेणं म्हणजे शेताच्या बांधावरून मोजून अख्ख्या तालुक्याचं क्षेत्रफळ सांगण्यासारखं आहे. त्यांच्या गणिताने वजन ३५० किलोच्या आसपास आलं. ब्लांको यांनी त्याला उत्तर दिलं आणि अनिश्चितता मोठी आहे हे मान्य करूनच दिलं. पुढे २०२२ मध्ये रसेल एंगलमन यांनी वेगळी वाट धरली. कवटीच्या मागच्या तळाशी दोन गोल उंचवटे असतात, त्यांवर ती मानेच्या पहिल्या मणक्याला टेकते. डोकं लांब असो की आखूड, दात मोठे असोत की लहान, या उंचवट्यांची रुंदी सस्तन प्राण्यांत शरीराच्या आकारमानाशी बरीच इमानदार राहते. तिच्यावरून मोनेसीचं वजन ४८० किलो निघालं.

एंगलमन यांचा मुद्दा मला पटतो, कारण तो आकड्यांबरोबर कारणही देतो. या कृंतकांचं डोकं धडाच्या मानाने मोठं होतं. मोठ्या डोक्यावरून धड मोजायला गेलं की धड फुगतंच. ४८० किलो हाही काही थोडका आकार नव्हे. आजच्या पाकारानाच्या तीस ते पन्नास पट आहे तो.

आणि या सगळ्या गदारोळात कुलाला कुणी हात लावला नाही. कारण सरळ आहे. वजन हे ओळखीच्या टापूबाहेर रेष लांबवून काढलेलं उत्तर, कुल हे समोरासमोर ठेवलेल्या दोन घडणींच्या तुलनेचं. एकाची चूक दुसऱ्यात उतरत नाही.

चाव्याच्या ताकदीबद्दलही थोडं. २०१५ मध्ये फिलिप कॉक्स यांनी रिंडरक्नेख्त आणि ब्लांको यांच्यासह या कवटीचं संगणकी प्रारूप तयार केलं. पटाशीच्या दातांशी १,३८९ न्यूटन आणि शेवटच्या दाढेशी ४,१६५ न्यूटन एवढा जोर निघाला. पटाशीचे दात मात्र त्याहून कितीतरी जास्त ताण सोसू शकत होते. म्हणजे ते नुसते कुरतडण्यासाठी नसावेत, जमीन उकरायला किंवा शिकाऱ्याला परतवायलाही वापरले जात असावेत.

शेजारचं प्रकरण : फोबेरोमिस

मोनेसीच्या आधी ‘सगळ्यात मोठा कृंतक’ हा मान होता व्हेनेझुएलातल्या फोबेरोमिस पॅटरसोनीकडे. फोबेरोमिस या नावाचाही अर्थ ‘भीतिदायक उंदीर’ असाच. १९८० मध्ये ही जात मोनेस यांनीच नोंदवली होती आणि तिला हार्वर्डच्या ब्रायन पॅटरसन यांचं नाव दिलं होतं. २००० साली फाल्कॉन राज्यातल्या उरुमाकोच्या रखरखीत माळावर तिचा जवळजवळ पूर्ण सांगाडा मिळाला. सुमारे ऐंशी लाख वर्षांपूर्वी तिथे नदी आणि दलदल होती, अजस्र मगरी आणि कासवं होती. सांचेस-व्हियाग्रा, आगिलेरा आणि होरोविट्झ यांनी २००३ मध्ये त्याचं वर्णन केलं. वजन सुमारे ७०० किलो सांगितलं, आणि नातं जोडलं पाकारानाशी.

पुढे वजन तर घसरलंच. दात एक सांगत होते आणि पायाची हाडं दुसरं. एंगलमन यांच्या पद्धतीने ते १०८ ते २०० किलोंमध्ये आलं. पण इथे पत्ताही बदलला. आज फोबेरोमिस पाकारानाच्या कुलात धरत नाहीत. तो नेओएपिब्लेमिडे या पूर्ण नामशेष झालेल्या कुलात बसतो. हे कुल क्राग्लिएव्हिच यांनी १९२६ मध्येच मांडलेलं होतं, आणि त्याचा कल चिंचिलांच्या कुलाकडे आहे.

पूर्ण सांगाडा असूनही असं का व्हावं? मला याचं उत्तर तुलनेच्या यादीत दिसतं. हातपायांची हाडं प्राणी कसा चालायचा, पाण्यात किती वावरायचा हे चांगलं सांगतात. मोठ्या, जड प्राण्यांची हाडं जडपणामुळेच एकमेकांसारखी होतात. नातं सांगायला ती तेवढी विश्वासू नाहीत. शिवाय ज्यांच्याशी तुलना करायची ते नामशेष नातेवाईक तेव्हा नीट ओळखीचे नव्हते. नंतर ब्राझीलमधल्या आक्रे प्रांतातून याच कुलातल्या नेओएपिब्लेमा प्रजातीच्या चांगल्या कवट्या अभ्यासल्या गेल्या, अर्जेंटिनातल्या फोबेरोमिसच्या दातांची फेरतपासणी झाली आणि तिथल्या अनेक जाती एका बुरमाइस्टेरी या जातीत विलीन झाल्या. तुलनेला नातेवाईक मिळाले तेव्हा नातं स्पष्ट झालं.

उडी मात्र फार लांबची नव्हती. डीएनएच्या अभ्यासांनी पाकारानालाच चिंचिलांच्या मोठ्या कुटुंबात आणून बसवलं आहे. एकेकाळी पाकारानाला पाका या दुसऱ्या दक्षिण अमेरिकी कृंतकाजवळ ठेवत, कुणी साळिंदराजवळही. आता दिनोमिडे आणि चिंचिला ही सख्खी शेजारची कुलं मानली जातात, आणि नेओएपिब्लेमिडे त्याच छपराखाली. म्हणजे अँडीजमधला तो मऊ केसांचा, हातात मावणारा चिंचिला आणि कियूच्या कड्यातला हा अर्ध्या टनाचा प्राणी एकाच मोठ्या घराण्यातले. आकाराने माणूस किती फसतो हे मला इथे सगळ्यात जास्त जाणवतं.

९२१ क्रमांकाच्या कवटीची आजची नोंद लिहायची तर अशी होईल : कृंतक गण, साळिंदर आणि गिनीपिग यांची शाखा, चिंचिलांचं महाकुल, दिनोमिडे कुल, युमेगामिने उपकुल, जोसेफोआर्तिगासिया प्रजाती, मोनेसी जाती. काळ चाळीस ते वीस लाख वर्षांपूर्वीचा, सान होसे प्रस्तर, नदीमुखाजवळचा जंगलाळ प्रदेश. या कवटीबरोबर खालचा जबडा मिळालेला नाही. दिनोमिडे कुलातल्या बहुतेक जुन्या जाती खालच्या जबड्यांवर आणि सुट्या दातांवर उभ्या असल्याने, तो ज्या दिवशी वरच्या कवटीला जोडून सापडेल त्या दिवशी मोनेसी आणि माग्ना यांच्यातली रेषा पुन्हा तपासावी लागेल, आणि कदाचित जुन्या कपाटांतली काही नावंही.